अण्णाच्या नंबरवरची बाई

गुलबर्गा, २० नोव्हेंबर २०२४

ती. अण्णास,

नमस्कार नंतर करते, आधी एवढं सांग की तुझा फोन कोणती बाई उचलते?

परवा दुपारी तुला फोन लावला. दोन रिंगा वाजल्या आणि एक बाई गोड आवाजात म्हणाली, "मोटर चालू झाली आहे." मी म्हटलं, "होऊ दे की. हरिबाअण्णा कुठं हाय?" तर पुन्हा, "मोटर चालू झाली आहे." मी विचारलं, "बाई, तू कोण? कमठाण्याची का बिदरची?" तर फोन कट. पुन्हा लावला. पुन्हा तीच, पुन्हा तेच. आवाजात राग नाही की लाज नाही. मग माझं डोकं फिरलं आणि मी लावतच राहिले.

आमचे हे डाळमिलमधून आले तेव्हा त्यांना सांगितलं. जेवता जेवता म्हणतात, "तुझ्या अण्णानं ड्रायव्हर ठेवली असंल." भावाची बाजू घ्यायची म्हणून मी भांडले, पण मनातून मलाही तेच वाटायला लागलं होतं.

शेवटी रेणुकावैनीला फोन केला. ती म्हणाली, "त्यांचं समदं ध्यान त्या पालीहौसात. दिवस उगवला की तिकडं, मावळला की जेवून गप झोपायलेत. म्या निरोप नेत न्हाई. तुमचं भाऊ-बहिणीचं तुमी बघा." आणि भाकर करपायली म्हणून तिनं फोन ठेवला. म्हणून हे पत्र. पोस्टात आंतर्देशीय मागितलं तर बाबू माझ्याकडं बघतच राहिला. पण एका अर्थी बरं झालं. फोनवर तू 'व्हय व्हय' करून सुटतोस, कागदावर सुटता येणार नाही.

येळवशीची अमावस्या महिन्यावर आली. मी आदल्या दिवशी निघते. मायला सांग, बाजरीचे उंडे मी आल्यावरच वळायचे.

तुझी,
विजू


कमठाणा, २७ नोव्हेंबर

चि. विजयश्रीस अनेक आशीर्वाद.

ती बाई नाही, स्टार्टर आहे.

भाऊबीजेला तू आलीस तेव्हा शेतात पॉलीहाऊसचे नुसते पाईप उभे होते. आता वर प्लास्टिक चढलं, चारी बाजूंनी बारीक जाळी लागली. आत गादीवाफे, मुळाशी ठिबक, आणि डोक्यावर फॉगर. फॉगर म्हणजे पाण्याचं धुकं सोडणाऱ्या तोट्या. दुपारी आत तापलं की धुकं सोडायचं, लगेच गार होतं. ती मोटर फोनवर चालते. पेटीत एक सिम बसवायचं, त्या नंबरला फोन लावला की पेटीतली बाई बोलते, मोटर चालू होते आणि थोड्या वेळानं आपोआप बंद पडते. आपल्या शेतात रेंज येते ती फक्त माझ्या जुन्या सिमच्या कंपनीची. म्हणून तेच पेटीत घातलं. पेटीतून काढलं तर काकडी वाळते, ठेवलं तर मला फोन नाही. मी काकडीची बाजू घेतली.

आता ठरावीक नंबरांनाच परवानगी द्यायची सोय त्या पेटीत आहे म्हणे, पण सोबतचं पुस्तक चिनी भाषेत आहे. त्यामुळे सध्या सगळ्या जगाला परवानगी आहे. उदगीरच्या आत्यानं खुशाली विचारायला फोन केला तरी इथं धुकं पडतं. विमा विकणारे तर रोज पाणी देतात. त्या दिवशी तू एकामागून एक फोन लावलेस तेव्हा मी आत शिडीवर उभा राहून माशा धरायचे पिवळे चिकट सापळे बांधत होतो. चिंब भिजलो, घसरलो, आणि सगळे सापळे माझ्याच पाठीला चिकटले. आपल्या बांधाला लागून शेत असलेला वीरभद्रप्पा जाळीबाहेर उभा राहून बघत होता. म्हणाला, "हरिबाण्णा, तुझ्या घरात पाऊस पडायलाय, माझ्या वांग्यावर कामून पडंना?"

यात हसण्यासारखं काही नाही. काकडीचं पान जास्त वेळ ओलं राहिलं की केवडा रोग पडतो, आणि केवडा पडला की आठवड्यात सगळा मांडव पिवळा. हे माझं पहिलं पीक आहे. सगळं गाव ते जळायची वाट बघतंय. म्हणून हात जोडतो, त्या नंबरला फोन करू नकोस.

दुसरं, येळवशीबद्दल. प्रशिक्षणात साहेबांनी सांगितलंय की कीड आणि रोग माणसाच्या अंगावरून आत येतात, आणि पाहुण्यांच्या अंगावरून जास्त येतात. ही काकडी बिनबियांची आहे. हिला नरफूल लागत नाही, मधमाशी लागत नाही, कोणीच लागत नाही. फक्त बाहेरचं कोणी आत यायला नको. तेव्हा या वर्षी येळवस घरीच करू. तू संक्रांतीला ये.

तुझा,
हरिबाअण्णा


गुलबर्गा, ३ डिसेंबर

अण्णा,

येळवस घरी? लिहिताना हात कसा अडखळला नाही तुझा?

त्या दिवशी अख्खा बिदर जिल्हा शेतात असतो. गावात कुत्रं राहत नाही, तीही शेंगा-भाज्यांच्या भज्जीच्या वासानं शेतात गेलेली असतात. ज्यांना शेत नाही ते दुसऱ्याच्या शेतात जाऊन जेवतात. आणि तू शेत असून घरात बसून ताकातली आंबील पिणार? नव्याचे नऊ दिवस ऐकलं होतं, पण तुझे भलतेच लांबले.

मला एक खरं सांग. पांडव कुठं आहेत? दरवर्षी आपण कडब्याची खोपटासारखी कोप करतो, आत ते पाच दगड चुन्यानं रंगवून पुजतो. तुझे पाईप कुठं उभे आहेत ते भाऊबीजेला मी बघितलं होतं, पण वाटलं, तेवढी जागा सोडेल. देवाला कोणी प्लास्टिकमध्ये कोंडेल असं माझ्या मनात आलं नाही.

आणि आता माझं ऐक. घोंगडं पांघरून, आंबिलीचं मडकं घेऊन शेतात फिरत शिंपडायचं आणि 'ओलगे ओलगे सालम पलगे' ओरडायचं हे घरच्या पोराचं काम. तुझ्या तोंडून आवाज फुटायचा नाही. तू देवासमोर चोरी केल्यागत पुटपुटायचास आणि शेजारच्या शेतातून वीरभद्रप्पा हसायचा. म्हणून अप्पांनी एका येळवशीला तुझ्या हातातलं मडकं काढून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "हिचा आवाज बिदरच्या किल्ल्यापत्तुर जातो." तेव्हापासून ते मडकं माझं. लग्न झालं, अप्पा गेले, तरी एक येळवस मी चुकवली नाही. माहेरात मला साडी नको, चोळी नको, तेवढं एक काम माझं आहे. तेही तू काकडीला दिलंस.

पाहुणी म्हणालास ते एक वेळ गिळेन. पण कीड? मला फार लागलं, अण्णा.

काकडीला कोणीच लागत नाही म्हणे. तुझ्यावरच गेलीय.

आठवड्यात उत्तर आलं नाही तर मी फोन लावीन. एकटी नाही. आमच्या गल्लीत दुपारी रिकाम्या बसलेल्या बायका पुष्कळ आहेत.

विजयश्री


कमठाणा, ११ डिसेंबर

चि. विजू,

हे पत्र मी पॉलीहाऊसमध्ये बसून लिहितोय, कारण मला बाहेर पडता येत नाही.

आधी पांडवांचं सांगतो. ते आत आहेत. सपाट जागा तेवढीच होती. चौघं वाफ्यांच्या मधल्या वाटेत आले, एकटा भीम वाफ्यात आला. त्याला हलवायला मी धजलो नाही, ठिबकची नळीच वळवून घेतली. तरी एक थेंब त्याच्या डोक्यावर पडत राहतो. भीमाशेजारचा काकडीचा वेल सगळ्यांत जोरात आहे. हे मी साहेबांना कळवलेलं नाही.

आता मायचं. तुझं पत्र आलं ते तुझ्या वैनीनं तिला मोठ्यानं वाचून दाखवलं, 'कीड' हा शब्द दोनदा वाचला. काल सकाळी माय काठी टेकत शेतात आली. पॉलीहाऊसला एकामागं एक दोन दारं असतात. एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, म्हणजे माशी आत शिरत नाही. दोन्हींच्या मधे छोटी खोली आणि तिथं जांभळ्या औषधाच्या पाण्याचं टोपलं, त्यात पाय बुडवून पुढं यायचं. माय पहिलं दार उघडून मधल्या खोलीत आली. मी आतून म्हटलं, "पाय बुडव."

"मी काय खुरी आलेली शेळी हाय का रं?"

"मग मागं जा."

"मागंबी जात न्हाई."

आणि पोतं टाकून दारातच बसली, एक पाय आत, एक बाहेर. आता बाहेरचं दार उघडं, म्हणून मला आतलं उघडता येईना. हा नियम मीच लाल रंगानं दारावर लिहिलाय. मी म्हटलं, "माय, थोडी सरक." म्हणाली, "माझी लेक या दारातून आत जाईल तवाच सरकंन."

ती दिवसभर तिथंच. दिवस मावळल्यावर वैनी येऊन तिला घरी नेते, तेव्हा कुठं मी सुटतो. आज पहाटे मी लवकर येऊन आत शिरलो, तर ती माझ्या मागोमागच पोतं घेऊन हजर. वैनी तिला भाकर आणून देते. मला मिळत नाही, कारण भाकर आत आणायची तर आतलं दार उघडावं लागतं. कालपासून दिवसभर मी काकडी खातोय. चवीला चांगली आहे, पण किती खाणार? मघाशी एकदम धुकं सुटलं. बघतो तर जाळीबाहेर वीरभद्रप्पा. "हरिबाण्णा, नुसती काकडी खायलास. तहान लागली असंल म्हणून फोन लावला."

मला कळतंय, तू येईपर्यंत ही बाई उठत नाही. ये. पण माझ्याही अटी आहेत. आंघोळ करून धुतलेले कपडे घालायचे, डोक्याला टोपी, पायात नवे गमबूट. येताना वाटेत कोणाच्या शेतात उतरायचं नाही. आंबील वाफ्यांच्या वाटेनं शिंपडायची, पानावर थेंब पडता कामा नये. भज्जीत वीरभद्रप्पाची वांगी चालतील, पण ती शिजल्यावर आत येतील. कच्च्या वांग्याला प्रवेश नाही.

पत्र प्लास्टिकच्या पडद्याखालून सरकवून वीरभद्रप्पाकडं देतोय. ते नियमात बसतं का, मी मुद्दाम बघितलं नाही.

उपाशी,
हरिबाअण्णा


गुलबर्गा, १७ डिसेंबर

ती. अण्णास,

शिरसाष्टांग नमस्कार तुला नाही, मायला. तिला हे वाचून दाखव.

तुझ्या सगळ्या अटी मान्य. सुपर मार्केटच्या बाजारात जाऊन काळे गमबूट आणले. ह्यांच्या मापाचा जोड मिळाला नाही, म्हणून त्यांनी एक लहान आणि एक मोठा घेतलाय. लग्नात फेटा बांधला होता त्यानंतर पहिल्यांदाच माणूस एवढा ताठ चालतोय. मी रोज गमबूट घालून पाण्यानं भरलेली घागर कमरेवर घेते आणि जिन्यानं वर-खाली करते, सवय व्हावी म्हणून. गच्चीवर ओरडायचीही तालीम करते. काल खालच्या घरातल्या निलम्मा वर धावत आल्या. "काय झालं अक्का, कोन पडलं?" त्यांना म्हटलं, "कोणी न्हाई, भावाच्या काकडीसाठी ओरडायलेव."

पानावर थेंब पडणार नाही. माझ्या हातावर विश्वास ठेव.

तुझी,
विजू (निर्जंतुक)


कमठाणा, २१ डिसेंबर

चि. विजूस आशीर्वाद.

माय उठली. तुझं पत्र ऐकून तिनं आपण होऊन टोपल्यात पाय बुडवले. ते आता घोट्यापर्यंत जांभळे झालेत आणि ती गावभर दाखवत फिरते. बायका विचारतात, हा कोणता रंग? ती सांगते, "देवाच्या घरात जायचा पास हाय."

कोप आतच बांधणार. कडब्याच्या पेंढ्या औषधाच्या पाण्यात बुडवून वाळत टाकल्या. पांडवांवर पांघरायची शाल दोनदा धुतली. वैनीनं सगळ्यांना टोप्या शिवल्या, वीरभद्रप्पाच्या घरच्यांनाही. प्लास्टिकच्या घरात कडब्याचं घर आणि त्यात देव, हे बघायला प्रशिक्षणवाले साहेब आले नाहीत म्हणजे मिळवली.

तू लवकर ये. तुझ्याशिवाय मडक्याला हात लावायचा नाही, असं मायनं सगळ्यांना बजावलंय. मलाही.

हरिबाअण्णा


गुलबर्गा, २६ डिसेंबर

अण्णा,

पाय मोडला. घागर शाबूत आहे.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर गमबुटाचं टोक अडकलं. मी घागर वाचवायला गेले आणि पाय खाली आला. प्लास्टर मांडीपर्यंत आहे. डॉक्टर म्हणाले, संक्रांत होऊन जाईपर्यंत खाटेवरून उतरायचं नाही. मी म्हटलं, सोमवारी येळवस आहे. ते म्हणाले, हो, मीही शेतात जाणार आहे. म्हणजे डॉक्टरसुद्धा जाणार, आणि मी खाटेवर.

हे प्लास्टर तुझ्या त्या टोपल्यात बुडवता येणार नाही, नाहीतर उचलून आणा म्हटलं असतं. सकाळपासून मी रडते आहे. पाय दुखतो म्हणून नाही, तेवढं तुला कळत असेल.

पत्र वेळेवर मिळावं म्हणून आमचे हे ते बिदरच्या बसच्या कंडक्टरकडं देतायत. मडकं तू घे. मायला म्हातारपणी वाफ्यांतून फिरवू नकोस. घोंगडं उजव्या खांद्यावरून घे. तुझा आवाज फुटणार नाही हे मला माहीत आहे, तरी प्रयत्न कर. शेत मुकं राहू देऊ नकोस. ऊन कलल्यावर सुरुवात करायची, आधी नको.

विजू


गुलबर्गा, ३० डिसेंबर, दिवेलागण

अण्णा,

राहवलं नाही म्हणून आजच लिहायला घेतलं.

दुपारभर खाटेवरून खिडकीतलं ऊन बघत होते. गल्ली रिकामी. निलम्मांचं घरसुद्धा शेतात गेलेलं. ऊन कलायला लागलं तेव्हा ह्यांना म्हटलं, घोंगडं द्या. घोंगडं नव्हतं, सोलापुरी चादर पांघरली. ह्यांनी घागरीत ताक घालून आणलं आणि ते दोन मापांचे गमबूट घालून शेजारी उभे राहिले, त्यांना मी सांगितलं नव्हतं. मग तुझा नंबर लावला. तू नको म्हणाला होतास. केवडा पडला तर पाप माझ्या माथी.

बाई म्हणाली, "मोटर चालू झाली आहे." मी जीव खाऊन ओरडले, "ओलगे ओलगे सालम पलगे!" आणि ह्यांनी सगळ्या घरात ताक शिंपडलं. टीव्हीवरसुद्धा. पेटीत नुसती मोटर चालू होते, तिकडं आवाज जात नाही, हे ह्यांनी मला नंतर समजावलं. मला ते आधीच माहीत होतं. फोन कट होण्याआधी मी त्या बाईला म्हटलं, "अक्का, तू तिथं हायेस. माझ्या वाटचं तू शिंपड."

पाणी आलं का रे?

विजू


कमठाणा, ६ जानेवारी २०२५

चि. विजू,

आलं. सांगतो.

आम्ही सगळे टोप्या घालून आत बसलो होतो. जेवणं झाली होती, भज्जीची परात अर्धी उरली होती. ऊन कललं. मी घोंगडं उजव्या खांद्यावरून घेतलं, मडकं उचललं आणि वाटेत उभा राहिलो. 'ओ' पर्यंत आलो. पुढं काही निघेना. वीरभद्रप्पाला माझी कीव आली असावी, तो एका काकडीकडं टक लावून बघायला लागला, मग बाकीचेही आपापल्या काकडीकडं बघायला लागले. वैनीनं तोंडाला पदर लावला. माय फक्त माझ्याकडं बघत होती. एवढ्या माणसांत मी एवढा एकटा कधी पडलो नव्हतो.

तेवढ्यात वरच्या सगळ्या तोट्या एकदम सुटल्या. नशीब, लाईट होती. क्षणात सगळं पांढरं झालं. कोप दिसेना, पांडव दिसेनात, परात दिसेना. वीरभद्रप्पा ओरडला, "फोन कुनाचा हाय रे?" कोणीतरी म्हणालं, विमावाला असंल.

माय म्हणाली, "विमावाला कशाला असंल? माझी विजू आली."

मला कोणी दिसत नव्हतं आणि मीही कोणाला दिसत नव्हतो. आणि विजू, माझ्या तोंडून आवाज फुटला. असा फुटला की मीच दचकलो. "ओलगे ओलगे सालम पलगे" करत मी सगळ्या वाटा फिरलो. अंदाज येत नव्हता, आंबील पानांवर पडली, भीमावर पडली, वीरभद्रप्पाच्या टोपीवर पडली. पलीकडच्या शेतांतली माणसं पळत आली, त्यांना वाटलं प्लास्टिकला आग लागून धूर निघतोय. दोन्ही दारं सताड उघडी राहिली आणि निम्मं गाव आत आलं. पाय कोणीच बुडवले नाहीत. मला थांबवता आलं असतं, पण मी ओरडत होतो.

धुकं विरलं तेव्हा माय पांडवांपाशी बसली होती. डोक्यावरचा पदर मागं सारलेला, तोंड वर केलेलं, सगळं तोंड ओलं. मीही रडत होतो. ओल्यात ओलं, कोणाला कळलं नाही.

पानांवर ताकाचे डाग आहेत. केवडा अजून पडलेला नाही, पडेल तेव्हा बघू. काल स्टार्टरवाला आला होता. त्याला ते चिनी पुस्तक वाचायला येत नाही, पण पेटीची बटणं येतात. म्हणाला, आता एकच नंबर चालेल असं करून देतो, बाकी कोणाचाही लागणार नाही. नंबर सांगा. मी तुझा सांगितला.

म्हणजे आता विमावाल्याच्या फोननं ती मोटर चालू होत नाही, वीरभद्रप्पाच्या होत नाही, घरच्या फोननंही होत नाही. तेव्हा खाटेवर पडल्या पडल्या रोज दुपारी, ऊन चढलं की एक फोन करत जा. विसरलीस तर काकडी वाळेल. आणि फार उशीर लावू नकोस, माय जेवण झालं की आत जाऊन पदर मागं सारून बसलेली असते.

तुझा,
हरिबाअण्णा